जिल्दासचा कौल

जिल्दास एर्वुए स्वतःबद्दल फारसं बोलत नसे, कारण त्याच्याबद्दल बोलायला अख्खी वाडी होती. फ्रान्समधल्या सेव्र नदीकाठच्या त्या वाडीत कुणाच्याही तळघरातली मुस्कादे, म्हणजे तिथली पांढरी वाइन, बाटलीत भरायची वेळ आली की आधी जिल्दासला बोलावणं जायचं. तो पेला नाकाशी नेई, एक घोट घेई. ‘भरा’ म्हणाला की भरायची, ‘थांबा’ म्हणाला की थांबायचं. चाळीस वर्षं कुणी उलट विचारलं नाही. विचारणार तरी काय, माणूस चुकतच नव्हता.

यंदा जानेवारीत त्याला सर्दी झाली. सर्दी गेली, पण जाताना वासही घेऊन गेली. कॉफी, शेणखत, शेजारच्या ओदीलबाईंचं अत्तर, सगळं एकाच मापाचं. “येईल हळूहळू, कदाचित,” डॉक्टर म्हणाले. त्यातलं ‘कदाचित’ तेवढं जिल्दासच्या डोक्यात राहिलं. त्यानं हे कुणाला सांगितलं नाही. आणि नेमकं यंदाच त्याच्या लेकीचं, सोलेनचं, पहिलं पीक टाकीत होतं. द्राक्षं तिनं तोडलेली, रस तिनं आंबवलेला, आणि हिवाळाभर वाइन टाकीच्या तळाशी बसलेल्या यीस्टच्या गाळावर तशीच ठेवून राखलेलीही तिनंच.

बाटल्या भरणारी गाडी मार्चातल्या एका गुरुवारी यायची होती. त्याआधीच्या मंगळवारी सकाळी रिवाजाप्रमाणे शेजारी जिल्दासच्या तळघरात चाखायला जमले: भिंतीपलीकडचा क्लोतेर, त्याची बायको ओदील आणि खालच्या आळीतले दोघे भाऊ. कालवं होती, खारं लोणी होतं, काळा पाव होता. सोलेननं आधी बापाचा पेला भरला. आणि ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

जिल्दासनं पेला नाकाशी नेला, डोळे मिटले, सगळं सोंग यथासांग वठवलं. मग घोट घेतला. जिभेच्या टोकाला बारीक चुरचुर, मागून कोरडा आंबटपणा. जिभेचं म्हणणं सगळं ठीक होतं.

“छान आहे,” तो म्हणाला. “भरा.”

“नक्की ना, बाबा?”

“म्हटलं ना एकदा.”

“मग गाडीवाल्याला कळवते,” म्हणत सोलेननं बाकीच्यांचे पेले भरले आणि फोन काढला.

आता त्या वाडीत एका पेल्यावर कुणी उठत नाही. एका पायावर कुणी घरी जातं का, असं म्हणून दुसरा भरायचाच. नको म्हणणं म्हणजे यजमानाच्या तोंडावर दार आपटणं. जिल्दास सुरई घेऊन फिरला. क्लोतेरनं पेल्यावर हात ठेवला.

“नको रे, गाडी चालवायचीय.”

“भिंत ओलांडायला?”

क्लोतेर कालवात तोंड घालून बसला. “माझं पित्त खवळलंय, भाऊजी,” ओदीलबाई म्हणाल्या. दोघे भाऊ एकदमच घड्याळ बघायला लागले.

जिल्दासला कळलं, वाइनला काहीतरी वास मारतोय. ही माणसं त्याची भीड ठेवत होती, आणि त्या भिडेपायी पोरीचं वर्षभराचं काम तिच्या नावानिशी बाजारात जाऊन तिची छी थू होणार होती. गप्प राहिलं तर त्याची पत राहत होती. तिची मात्र सुरू होण्याआधीच संपत होती.

“सोलेन, फोन ठेव,” तो म्हणाला. “मला जानेवारीपासून वास येत नाही. कसला म्हणजे कसलाच. काय येतोय ते सांगा कुणीतरी.”

“अंड्याचा,” ओदीलबाई हळूच म्हणाल्या. “नासक्या.”

“मला वाटलं, तू छान म्हणतोयस म्हणजे माझंच काहीतरी बिनसलंय,” क्लोतेर म्हणाला.

“मला आठ दिवस येतोय,” सोलेन म्हणाली. तिचा आवाज चढला होता. “डोळ्याला डोळा नाही माझ्या. आणि तुम्ही छान म्हणालात तेव्हा वाटलं, मला यातलं काही कळतच नाही. हा धंदा सोडावा.”

जिल्दासला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सुरई खाली ठेवून तो बाकावर बसला.

सोलेननं खिशातून तांब्याचं नाणं काढलं, घासून पुसलं आणि पेल्यात टाकलं. पेला गोल फिरवला, हुंगला, पुन्हा हुंगला आणि क्लोतेरकडे दिला. त्याच्या भुवया वर गेल्या.

“गेला की गं. आता लिंबू येतंय. चांगलं येतंय.”

“तांब्यानं वास मेला, म्हणजे बिघडलेली नाही, गाळावर कोंडलीय नुसती,” ती म्हणाली. “महिनाभर ढवळायची, जराशी हवा लागू द्यायची. गाडी एप्रिलात बोलवू.” हे तिनं कुणाला विचारलं नाही. बाह्या वर केल्या आणि टाकीचं झाकण उघडलं. “बाबा, ती लांब काठी आणा.”

चाळीस वर्षांत त्या तळघरात जिल्दासला कुणी काम सांगितलं नव्हतं. तो उठला आणि काठी आणायला गेला.