निजवलेल्या तळ्यावरची हाक

जेम्स उपसागराच्या काठी, क्री आदिवासींच्या तळावर, हंसांच्या शिकारीचा म्होरक्या म्हणेल ती पूर्व दिशा. आयझाया गेला आणि ते म्होरकेपण त्याच्या बायकोकडे, ड्रुसिलाकडे आलं. कुठल्या तळ्यावर बंदूक चालवायची, कुठलं शिकारीविना निजू द्यायचं, सगळं तिने ठरवायचं. वारा पडलेल्या दिवशी तर बार काढायचाच नाही. शांत हवेत आवाज दूरवर जातो आणि हंस ती जागा कायमची टाकतात.

यंदा बर्फ वेळेआधीच वितळू लागला. रानहंस उंचावरून निघून गेले, बदकंसुद्धा फिरकली नाहीत. जे थोडे उतरले ते एकाच तळ्यावर, आयझायाने मरण्याआधी निजवलेल्या.

"वहिनी, उघड ते तळं," धाकटा दीर एब्नर म्हणाला. "बटाटे खाऊन खाऊन माझ्या पोटाला कोंब फुटायला लागलेत!"

"वाऱ्याला सांग."

"वारा आला की काहीतरी दुसरं काढशील. ओळखतो मी तुला."

लेकीने, लॉटीने मात्र मुद्द्यालाच हात घातला. तिचा सायलस चालायला लागला होता. पोर पहिल्यांदा दाराबाहेर चालेल त्या पहाटे त्याने हंस ओढत नेऊन वडीलधाऱ्यांपुढे ठेवायचा, अशी रीत. तोवर बाहेरच्या जमिनीला त्याचा पाय लागू द्यायचा नाही.

"आई, कडेवर राहत नाही गं आता तो. हंसाशिवाय कसं बाहेर चालवू त्याला?"

तळं न उघडण्याचं खरं कारण ड्रुसिलाने कुणालाच सांगितलं नव्हतं. रोज सांजेला त्या तळ्यावरून आयझायाची हाक येई. हंसांना बोलावण्याची, त्याचीच. घशातून वर चढणारी, आणि पुढच्या तुटक्या दातामुळे शेवटी शीळ होऊन फाटणारी. त्याला पुरताना ती स्वतः उभी होती. तरी रोज ती तंबूचं दार सारून बसे, आणि हातातला चहा निवून जाई. बार निघाला की हंस जाणार. हंस गेले की तो कुणाला बोलावणार?

एका सकाळी वारा सुटला. तंबूची कापडं ताडताड वाजू लागली. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. सायलस कडेवरून खाली झेपावत होता. लॉटीने त्याची पावलं मुठीत घट्ट धरली होती.

"चला," ड्रुसिला म्हणाली.

तळ्याकाठी फांद्यांच्या आडोशात ती आणि एब्नर बसले. समोर चिखलाचे फसवे हंस मांडले. थवा उठला. तिने हाक द्यायला तोंड उघडलं, आणि त्याच क्षणी पलीकडच्या काठावरून ती हाक आली. भर दिवसा. शेवटी शीळ होऊन फाटली.

एब्नरची बंदूक खाली आली. चेहरा राखेसारखा. "वहिनी... दादा?"

थवा तिकडे वळला, बंदुकांपासून लांब.

जन्मभर नवऱ्याने हाक द्यायची आणि तिने नेम धरायचा, असा त्या दोघांचा रिवाज. आज तिने त्याच्या हाकेवर आपली हाक घातली. जाड, घोगरी. तो बोलावी, ती बोलावी. हंस मध्यावर घोटाळले, गिरक्या घेत राहिले.

"सोड रे त्यांना इकडे," ती पुटपुटली. "नातू आहे तुझा."

पुन्हा हाक दिली. पलीकडून उत्तर आलं नाही. थवा तिच्याकडे आला, इतका खाली की पंखांचा वारा गालाला लागला. तिने बार काढला. दोन हंस पडले, बाकीचे ओरडत उत्तरेला गेले.

दुसऱ्या पहाटे सायलस हंसाची मान धरून तंबूबाहेर चालला. मध्येच फतकल मारून बसला आणि हंसाच्या पिसांवर डोकं ठेवून आडवा झाला. सगळे हसले, ड्रुसिलाही हसली. एब्नरने रिवाजाप्रमाणे हंसाच्या चरबीचा पहिला तुकडा आगीला दिला.

सांजेला ती नेहमीच्या जागी बसली. कान दिला. कुठेतरी बर्फाचं पाणी ठिबकत होतं, तेवढंच. चहा तिने गरम असतानाच पिऊन टाकला.

सकाळी एब्नर चाचरत आला. "वहिनी, काडतुसांची पिशवी तळ्यावरच राहिली गं. येतेस का सोबत? म्हणजे... मला भीती नाही, पण..."

"जा खुशाल," ती म्हणाली. "तिथे कुणी नाही आता."