सोयाबीन गडगडतं, साळ थांबते

उदगीरला जायचं ठरलं ते रागाच्या भरात. नांदेडच्या कॉलेजात मी भौतिकशास्त्र शिकवते. चार महिने प्रयोगशाळेत दोन काचांच्या मधल्या फटीत सोयाबीनचा एकेक दाणा टाकत होते. ढीग वाढतो, मध्येच घसरतो, ती घसरण मोजायची. भूकंप घ्या की दरडी, निसर्गात छोट्या घटना ढीगभर घडतात, मोठ्या क्वचित. आणि हे प्रमाण जवळून पाहा की लांबून, सारखंच राहतं. माझ्या ढिगाला ते मान्य नव्हतं. मोठ्या घसरणी सगळ्या एकाच मापाच्या! चार दिवसांवर लातूरला सादरीकरण, आणि हातात दाखवण्यासारखं काहीच नाही. म्हटलं, तोंड दाखवायला जागा नाही तर निदान माहेरी तरी जाऊ.

नांदेडहून मुखेडमार्गे सकाळची एसटी धरा. बायकांना अर्धं तिकीट आहे आणि ऊन चढायच्या आत निम्मा रस्ता मागे पडतो. मांडीवरची काचेची पेटी बघून कंडक्टर थबकले.

"ताई, काय हाय ह्यात?"

"सोयाबीन."

"काचंत ठिवलंय? आमच्याकडं पोत्यात ठिवतेत!"

अख्खी गाडी हसली. मीही हसले, पण मनातून नाही.

उदगीरला गेलात तर किल्ला बघाच, पण त्याआधी मोंढ्यात एक चक्कर मारा. धान्याच्या राशी, धूळ, हाकारे आणि पाठीवर पोतं घेऊन पळणारे हमाल. माझे अप्पा तीस वर्षं त्यांच्यातलेच एक. दुसऱ्या दिवशी सकाळी चुरमुऱ्यांचा सुशीला खाऊन मी पेटीसकट त्यांच्यामागे मोंढ्यात गेले. सोयाबीनच्या राशीशेजारी बसून दाणे टाकायला लागले, तशी अप्पांनी मान वाकडी केली.

"काय करायलीस गं?"

सगळं सांगितलं. अप्पा खुशाल हसले.

"गोल दाणा हाय तो. एकदा सुटला की तळालाच जातो, मधी कुठं थांबायचं त्याला ठावंच न्हाई. साळ घे. लांब दाणा एकमेकाला धरून बसतो. कधी चारच दाणे सुटतेत, कधी अख्खी बाजू येती."

"तुम्हाला कसं माहीत?"

"पोतं ओततानी पाय कुठं ठिवायचा हे बघावंच लागतंय की!"

खरं सांगते, आधी राग आला. एवढी शिकले आणि हे सुचू नये? मग अप्पांनीच देगलूरकडून आलेली चार पायल्या साळ, म्हणजे न कांडलेला भात, मिळवली आणि दोन दिवस आम्ही घरात ठाण मांडलं. अप्पा दाणे टाकायचे, मी मोजायचे, आई दोघांना नावं ठेवत भाकरी वाढायची. तिसऱ्या दिवशी दुपारी आलेख काढला. छोट्या घसरणी पुष्कळ, मधल्या कमी, मोठी एखादीच, आणि सगळे ठिपके एका सरळ रेघेत. मी लहान पोरीसारखी ओरडले.

लातूरला अप्पा सोबत आले, धुतलेलं धोतर, नवी टोपी. स्टँडजवळ निलंगा राईस खाल्ला. पोट भरतं आणि खिशाला जड होत नाही. सादरीकरण संपल्यावर एका वयस्कर प्राध्यापकांनी विचारलं, "साळच का निवडलीत?"

"ते तिसऱ्या रांगेत बसलेत, त्यांना विचारा," मी म्हणाले.

अप्पा उठले ते थेट टेबलापाशी आले. एक मूठ सोयाबीन ओतलं, एक मूठ साळ. सोयाबीन गडगडत प्राध्यापकांच्या खुर्चीखाली गेलं. साळ जागच्या जागी उभी राहिली. "बगा आता," एवढंच बोलून ते परत जागेवर बसले. टाळ्या थांबेनात.

आता नांदेडला परत आले आहे. काल लेख पाठवायचा होता. लेखकांत माझ्या नावाशेजारी अप्पांचं नाव घातलं आणि हुद्दा लिहिला, 'धान्यतज्ज्ञ'. फोनवर वाचून दाखवला.

"कोण धान्यतज्ज्ञ?"

"तुम्हीच की, अप्पा."

"खोड ते. साळ घे म्हणून तुला कोणी सांगितलं? हमालानंच की. मग हमाल लिव्ह."

कॉलेजात आजवर मी वडील धान्याच्या व्यापारात आहेत असंच सांगत आले होते. फोन ठेवला आणि बराच वेळ रडले. लाज माझी मला वाटली, आणि अभिमान तर छातीत मावेना. मग खोडलं, आणि ठळक अक्षरांत लिहिलं: हमाल, मोंढा, उदगीर.