गेणूआबांचा तिरका सूर

भिगवणच्या गेणूआबांनी तरुणपणी मेंढरांमागं पावा फुंकला. पुढं मेंढरं विकली, ऊस लावला, पण पावा सुटला नाही. अठ्ठ्याण्णव साली दम्यानं गाठलं. डॉक्टरांनी फुंकणं बंद केलं आणि बायकोनं, सिंधुबाईंनी, पावा धान्याच्या कणगीत दडवला. नात स्वरालीचं लग्न आठ दिवसांवर आलेलं, आणि आबांच्या पाव्याशिवाय घरातली पोर कधी सासरी गेली नव्हती. आबा भिंतीकडं तोंड करून पडले.

भाचा श्रीपती रेडिओ दुरुस्त करायचा. पुण्याच्या एका मोडलेल्या ऑर्केस्ट्राचा सॅम्पलर त्यानं आणला होता. कुठलाही आवाज आत भरायचा आणि पट्ट्या दाबून वाजवायचा. जत्रेतल्या जुन्या कॅसेटवरचा आबांचा पावा त्यानं आत भरला नि ऐटीत वाजवून दाखवला.

"आवाज माजा हाय, पर चव न्हाय," आबा म्हणाले. "बर्फातला मासा हाय ह्यो."

श्रीपतीला राग आला, पण खोट कळली. यंत्रानं बाराही सूर सारख्या अंतरावर मांडले होते. आबांनी भोकं पाडली होती तापल्या सळईनं, आपल्या बोटांच्या मापानं. मग सिंधुबाई शेतात गेल्या की श्रीपती एकेक सूर सरकवायचा आणि आबा खाटेवरून ट्रक मागं घ्यायला लावणाऱ्या क्लीनरसारखा हात हलवायचे. "येऊ दे, येऊ दे... बास. गेला खड्ड्यात. फुडं घे."

बाकीचे सूर जमले, मधला जमेना.

"मामा, आसला सूर कुठल्याच पेटीत न्हाय."

"नसंल. ते भोक पाडताना समोरनं ही पाण्याला चालली हुती. सळई सरकली."

सत्तरीचा माणूस चक्क लाजला. श्रीपतीनं वैतागून सूर अशा अडनिड्या जागी बसवला, की गाणं शिकलेल्या माणसानं कानात बोटं घातली असती. आबा ताडकन उठले आणि एका बोटानं स्वतःच वाजवू लागले.

सिंधुबाई त्या दिवशी लवकर परतल्या. आवाज ऐकला आणि अंगणातूनच सुरू झाल्या, "कणगी उकरली व्हय? आवं, डॉक्टरनं काय सांगितलंय? ठिवा तो पावा खाली."

आत येऊन बघतात तर आबांच्या तोंडाला काहीच नाही, बोट तेवढं पट्टीवर. खुरपं हातात तसंच धरून त्या खाली बसल्या. श्रीपतीला हसावं की रडावं कळेना.

"मामी, मधला सूर जरा वाकडा हाय. लग्नाआधी सरळ करू का?"

"हात लावून बघ," सिंधुबाई म्हणाल्या.