एका इंचाला एक फूट

भिवंडीत माझ्या नणंदेला न घाबरणारा दुकानदार अजून जन्माला यायचा आहे. त्या कुणाला शिव्या देत नाहीत, भाव पाडत नाहीत, आवाजही चढवत नाहीत. त्या फक्त दुकानासमोर आपली चाकाची खुर्ची थांबवतात, गळ्यातली शिवणकामाची टेप काढतात आणि वाकून पहिल्या पायरीची उंची मोजायला लागतात. डॉक्टरांच्या गळ्यात नळी असते तशी ही टेप त्यांच्या गळ्यात कायम असते. लग्नकार्याला जाताना सोन्याची साखळी विसरतील, टेप विसरणार नाहीत. मोजून झालं की मालकाकडे बघून म्हणतात, "नऊ इंच." ते अशा स्वरात म्हणतात की त्या माणसाला आपलाच ताप मोजल्यासारखं वाटावं. तीन वर्षांच्या असताना पोलिओने त्यांचे दोन्ही पाय गेले. त्याबद्दल त्या कधीच बोलत नाहीत. त्या बोलतात ते पायऱ्यांबद्दल.

आम्ही सगळे त्यांना ताई म्हणतो. आमच्या ह्यांच्या त्या मोठ्या बहीण. माणसांची पारखही त्या पायरीवरूनच करतात. कुणाचं नाव निघालं की आधी म्हणणार, "त्याच्या दुकानाची पायरी चार इंच. माणूस बरा हाय." आमच्या बाजारातल्या साडीवाल्या शेठजींच्या दुकानाला दोन उंच पायऱ्या होत्या. ताई वर जात नसत आणि कुणाला उचलूही देत नसत. दोघे-चौघे मदतीला धावले की म्हणत, "हात लावू नका. मी काय गणपती हाय?" मग शेठजींनाच साड्यांचा गठ्ठा घेऊन खाली यावं लागे. ताई भर रस्त्यात, रिक्षांच्या हॉर्नमध्ये, एकेक साडी मांडीवर उलगडत, काठ ओढून बघत, आणि "ह्यातच निळी हाय का?" म्हणून शेठजींना पुन्हा वर पाठवत. एका दिवाळीत शेठजींच्या इतक्या फेऱ्या झाल्या की पाडव्याच्या आत त्यांनी दुकानाच्या कडेने लाकडी उतार करून घेतला आणि ताईंना नारळ फोडायला बोलावलं. ताईंनी आधी उतार मोजला. मग नारळ फोडला.

माझ्या मुलीच्या लग्नाच्या वेळी तर कमाल झाली. एक चांगलं स्थळ आलं होतं. मुलगा शिकलेला, माणसं सभ्य. सगळे पगार, नोकरी, गाव विचारत होते. ताई मुलाच्या वडिलांना म्हणाल्या, "तुमचं घर कितव्या मजल्यावर?" ते कौतुकाने म्हणाले, "तिसऱ्या. लिफ्ट नाही, पण हवा छान येते." ताईंनी चहाचा कप खाली ठेवला. "मग मी माझ्या भाचीला भेटायला यायचं कसं?" त्या गृहस्थांनी घड्याळ पाहिलं. ते स्थळ पुढे आपोआप बारगळलं. माझी मुलगी आज कल्याणला तळमजल्यावर राहते आणि तिचा नवरा आत्याबाई येणार म्हटलं की दारातल्या चपला स्वतः बाजूला करतो.

बाजारातल्या फूटपाथवर मोटारसायकली लावणाऱ्यांसाठी त्यांच्याकडे वेगळा इलाज होता. पिशवीत शिंप्याचा पांढरा खडू असे. अडवून ठेवलेली गाडी दिसली की त्या तिच्या काळ्या सीटवर ठसठशीत अक्षरांत 'फूटपाथ' असं लिहीत आणि पुढे जात. गाडीवाला येई, न बघता बसे, घरी जाई. मग दुसऱ्या दिवशी बायका आपल्या नवऱ्यांच्या पँटवर उलटी उमटलेली ती अक्षरं घासताना ताईंना दुवा देत की आणखी काही, ते मला ठाऊक नाही. त्या सगळ्या फेऱ्यांत मी मात्र मागे उभी असे. खुर्ची त्या स्वतःच्या हातांनी चालवत, पण गर्दीत मागे कुणीतरी लागे, आणि ते कुणीतरी म्हणजे लग्नानंतरच्या दुसऱ्या महिन्यापासून मी. सकाळची शाळा शिकवून मी घरी येई. दुपारी आम्ही दोघी निघत असू. निजामपुऱ्यातल्या एका गल्लीत त्यांचा शिवणवर्ग होता. दोन्ही बाजूंना कापड विणणारे लूम धडधडत असत, त्यामुळे बाहीचं माप सांगायलाही त्यांना ओरडावं लागे. बारा-चौदा बायका शिकायला येत, कुणी मराठी, बऱ्याच जणी हिंदी बोलणाऱ्या. ताई दोन्ही भाषांत सारखंच रागवत.

मोठ्या रस्त्याच्या कडेने, टेंपो आणि रिक्षांच्या मधून आम्ही हा प्रवास किती वर्षं केला याची गणती नाही. त्यामुळे आमच्या घरासमोर नवा फूटपाथ होणार असं कळलं तेव्हा ताईंना आनंद झाला. खडी येऊन पडली त्या दिवसापासून त्या रोज खिडकीत बसून काम बघत. मजुरांना दोनदा चहा पाठवला. फरशा बसल्या, कडेला पिवळा-काळा रंग लागला. मी त्यांना बाहेर घेऊन गेले. त्यांनी टेप लावली, मग पुन्हा एकदा लावली. फूटपाथ रस्त्यापासून चौदा इंच उंच होता. चढायला कोपऱ्यावर एक उतार ठेवला होता. तो होता तीन फूट लांब, आणि वर पोचलं की समोर विजेची पेटी.

"एका इंचाला एक फूट लागतो गो शैला," त्या म्हणाल्या. "चौदा इंच चढायचं तर चौदा फूट उतार हवा. ह्यानं तीन फुटांत उरकलंय. ही घसरगुंडी हाय."

तरीही त्या उतारावर त्या चढल्या. कारण खाली रस्ता होता आणि रस्त्याला त्या कंटाळल्या होत्या. सात-आठ दिवस मी मागून जोर लावला आणि आम्ही कशाबशा चढलो. नवव्या दिवशी मी कोपऱ्यावरच्या कोथिंबीरवालीला पैसे द्यायला क्षणभर खुर्चीच्या मुठी सोडल्या. ताईंना वाटलं मी मागे आहे. त्यांनी चाकं ढकलली, अर्ध्यावर गेल्या, आणि खुर्ची मागच्या मागे उलटली. कापडाच्या गाठी भरलेला टेंपो मागून येत होता. ड्रायव्हरने ब्रेक दाबला तेव्हा त्याचं पुढचं चाक आणि ताईंचं डोकं यांच्यात हातभर अंतर होतं. हे मी नंतर मोजलेलं नाही. पण अजून डोळ्यांसमोर आहे.

ड्रायव्हर उतरून धावला. "बाजी, लगी तो नहीं?" थोरल्या बहिणीला हाक मारावी तसं तो परत परत विचारत होता. ताई आडव्या पडल्या पडल्या त्याला म्हणाल्या, "तेरी गलती नहीं है भाई. तू जा, पीछे ट्रॅफिक हो गया." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "रडू नको. हात तुटलाय बहुतेक."

मनगट मोडलं होतं. पायांनी आधीच साथ सोडलेल्या माणसाचा हात मोडला म्हणजे काय, हे घरात कुणी बोलून दाखवलं नाही. पण आमचे हे त्या रात्री जेवले नाहीत. दोन दिवसांनी ते म्हणाले, "ताई अंजूरला जाईल. दादाकडे. मोठं अंगण आहे, सगळं सपाट. हिंडू दे तिथे." अंजूरला ह्यांच्या थोरल्या भावाचं घर आहे. जमिनीवर गोदामं उठली तेव्हा त्यांनी बंगला बांधला. अंगण खरंच मोठं होतं. फाटकाबाहेर पडलं की मात्र कंटेनरच्या रांगा. म्हणजे ताईंनी फाटकाच्या आत हिंडायचं होतं. दादांनी तर त्यांच्यासाठी खोली रंगवायलाही घेतली.

ताईंनी अंजूरला नाही म्हटलं नाही. त्याचीच मला भीती वाटली. प्लास्टरमधला हात मांडीवर घेऊन त्या खिडकीत बसून राहत. समोर फूटपाथवर मोटारसायकली लागत आणि त्या नुसत्या बघत. वर्गातल्या बायका भेटायला आल्या, बिर्याणीचा डबा घेऊन. एकीने विचारलं, "दीदी, क्लास कब चालू होगी?" ताई म्हणाल्या, "देखते हैं." ताईंच्या तोंडून 'बघू' हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. मी मुठी सोडल्या होत्या हे त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं. ह्यांनाही नाही. मीच शेवटी सांगितलं. हे म्हणाले, "तिनं सांगितलं तू धरून होतीस."

चौथ्या आठवड्यात ताई सकाळी तयार होऊन बसल्या. "अंजूरला जाईन मी," त्या भावाला म्हणाल्या. "त्याआधी त्या रस्त्याच्या साहेबांना एकदा भेटते. शैला येईल माझ्यासंगती."

रस्त्याचं काम ज्या कार्यालयाकडे होतं, ते पहिल्या मजल्यावर होतं. लिफ्ट नव्हती. खालच्या शिपायाने सांगितलं, "साहेब वर बसतात."

"मग त्यांना खाली बसायला सांगा," ताई म्हणाल्या. "मी बसलेलीच हाय."

साहेब पहिल्या दिवशी आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. आम्ही जिन्याखाली बसून होतो. दरम्यान ताईंनी शिपायाच्या शर्टाचा उसवलेला खिसा माझ्याकडून शिवून घेतला. मी शिवत होते, त्या एका हाताने बोट दाखवून रागवत होत्या. तिसऱ्या दिवशी शिपायानेच वर जाऊन काय सांगितलं कोण जाणे, पण एक तरुण इंजिनिअर खाली उतरले. चेहऱ्यावर कंटाळा होता, पण माणूस उद्धट नव्हता. "बोला," ते म्हणाले.

मला वाटलं ताई आता सुनावणार. त्या म्हणाल्या, "बोलायचं काही न्हाय. तुम्ही माझ्यासंगती दहा मिनिटं या. रिक्षा बाहेर उभी हाय."

ते का आले हे मला आजही सांगता येणार नाही. कदाचित प्लास्टर बघून आले असतील. कोपऱ्यावर आल्यावर ताईंनी कोथिंबीरवालीचा क्रेट मागून घेतला, त्यावर सरकून बसल्या आणि रिकामी खुर्ची इंजिनिअरांपुढे केली. "बसा. पाय वर घ्या. आता चढा."

बघ्यांची गर्दी जमली होती. इंजिनिअर आधी हसले, मग बसले. त्यांनी चाकं ढकलली. दोन धक्क्यांत ते उताराच्या मध्यावर गेले आणि तिथे अडकले. हात ताठ झाले, मान लाल झाली, चाकं मागे सरकू लागली. मी मागे उभीच होते. या वेळी मुठी घट्ट धरून होते. त्यांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर कंटाळा नव्हता.

खाली आल्यावर ते थोडा वेळ खुर्चीतच बसून राहिले. मग म्हणाले, "ताई, उतार किती लांब पाहिजे?"

"एका इंचाला एक फूट."

"चौदा फूट जागाच नाही इथे."

"मग उतार वाढवू नका," ताई म्हणाल्या. "फूटपाथ खाली आणा. सहा इंच पुरे. आणि ती पेटी हलवा, नाहीतर वर चढून मी तिला मिठी मारू काय?"

गर्दीत कुणीतरी हसलं. इंजिनिअरही हसले, आणि खिशातून डायरी काढून त्यांनी ते लिहून घेतलं. लिहून घेणारी माणसं आम्ही खूप पाहिली होती. त्यामुळे मी घरी आल्यावर ताईंची ट्रंक आवरायला घेतली. ताईंनी ती मला आवरू दिली, हे जास्त वाईट होतं.

प्लास्टर निघालं. दादांचा फोन आला, खोलीचा रंग वाळला म्हणून. अंजूरला जायचा दिवस ठरला. त्याच्या तीन दिवस आधी सकाळी सकाळी बाहेर धडधड ऐकू आली. ताई खिडकीशी गेल्या. चार मजूर कोपऱ्यावरच्या नव्या कोऱ्या फरशा फोडत होते आणि इंजिनिअर रस्त्याच्या कडेला उभे होते. ताईंनी मला हाक मारली नाही. स्वतःच चाकं फिरवत दाराबाहेर गेल्या. जाताना फक्त म्हणाल्या, "माझी टेप कुठं ठेवली गो?"

अंजूरला जायचं पुढे ढकललं गेलं, आणि काम रखडत रखडत दोन महिने चाललं. मधे पेटीवरून दोन खात्यांत वाद झाला, एकदा सिमेंट संपलं. ताई रोज हजर. मजूर त्यांना आधी मावशी म्हणत, मग मॅडम म्हणू लागले, शेवटी नुसतं "वो आ गयी" म्हणून हातातली बिडी विझवू लागले. एकदा उतार अर्धा इंच चुकला तो त्यांनी ओला असतानाच पुन्हा करून घेतला. काम पुरं झालं त्या संध्याकाळी आम्ही सगळे खाली उभे होतो. ताईंनी चाकांवर हात ठेवले. मी सवयीने मागे गेले, तर म्हणाल्या, "तू थांब."

त्या एकट्या चढल्या. सहा फूट उतार, सहा इंच चढ. ना धाप, ना घसरण. वर जाऊन त्यांनी खुर्ची वळवली आणि आमच्याकडे पाहिलं. आमच्या ह्यांनी खिशातून फोन काढला आणि म्हणाले, "दादाला सांगतो, त्या खोलीत भाडेकरू ठेव म्हणून." कोथिंबीरवालीच्या समोरच, भर रस्त्यात मी मटकन त्या क्रेटवर बसले.

शिवणवर्ग पुन्हा सुरू झाला. पुढच्या दोन कोपऱ्यांवरही तसेच उतार झाले. आता काठी टेकत येणारे एक म्हातारे चाचा त्यावरून जातात, तान्ह्या बाळाची गाडी ढकलणारी एक सून जाते, आणि त्यांतल्या कुणाला ताई कोण हे माहीत नसतं. ताईंना त्याचं काही वाटत नाही. दुपारी मला शाळेतून यायला उशीर झाला तर त्या थांबत नाहीत. दारावर कुलूप असतं. मी किल्ली काढते, पंखा लावते, आणि हात कुठे ठेवावेत ते मला थोडा वेळ कळत नाही.

परवा मी रिक्षाने येत होते. फूटपाथवर ताई दिसल्या. वर्ग तर रविवारचा बंद, हातात पिशवी नाही, बाजाराची ती वाटही नव्हे. हळूहळू चाकं फिरवत चालल्या होत्या, दुकानांच्या पाट्या वाचत. एका ठिकाणी थांबून पिंजऱ्यातले पोपट बघत बसल्या. मी रिक्षा थांबवली आणि हाक मारली, "ताई, कुठं निघालात?"

त्यांनी वळून पाहिलं. पस्तीस वर्षांत मी त्यांना कामाशिवाय घराबाहेर पडलेलं पाहिलं नव्हतं. त्यांनाही ते त्याच क्षणी जाणवलं असावं, कारण त्या जराशा लाजल्या.

"कुठंच न्हाय," त्या म्हणाल्या. "तू हो पुढं."