मिस्त्रींच्या खिशातला प्लग

आज सोसायटीत फांद्या छाटणाऱ्या करवतीच्या पेट्रोलचा वास आला आणि ऐंशीच्या दशकातलं मुलुंडचं अंगण आठवलं.

आमचे हे झाडं तोडायची कामं घेत. त्यांची पेट्रोलवरची करवत दुरुस्त करायला सावंत मिस्त्री आले. आल्या आल्या त्यांनी स्पार्क प्लग काढून खिशात घातला. प्लग परदेशी, महागाचा होता. हा माणूस प्लग लांबवणार, असं वाटून मी दारातच पहारा देत उभी राहिले.

ते करवतीच्या दातेरी साखळीला कानस लावत असताना माझ्या दिरानं "बघू, चालू होते का?" म्हणत इंजिन सुरू करायची दोरी खेचली. करवत सुरूच झाली नाही. मिस्त्रींची बोटं साखळीवर होती.

"वयनी, प्लग खिशात नसतो तर बोटां गेली असती," ते म्हणाले.

चहा देताना मला त्यांच्याकडे बघवेना.