दोघं बरोबरीनं

छावणीतल्या नक्षीकाम करणाऱ्या चाचांचं नाव मी कधी विचारलं नाही. माझ्या नव्या दारावर ते समोरासमोर दोन मोर कोरत होते. मधोमध पेन्सिलीची रेघ. डावीकडं पटाशीचे चार घाव घातले की फुंकर मारायची, लोखंडी परकारानं रेघेपासूनचं अंतर घ्यायचं आणि उजवीकडं तेवढ्याच अंतरावर तेच चार घाव. कुठलाच मोर दुसऱ्याच्या पुढं जात नव्हता.

दादाचा फोन आला. तो ठेवून मी चाचांना म्हणालो, "मोठा भाऊ फोटो मागतोय. एक मोर तरी आज पुरा करा."

"नाय होणार."

"त्याला काय सांगू?"

"सांगा, बुढ्ढा लई जिद्दी हाय." परकाराचं टोक माझ्याकडं रोखून ते म्हणाले, "एक आधी पुरा केला, की दुसरा निस्ती त्याची नक्कल होतो. मग त्याचं सोताचं काय ऱ्हातं?"

मी घरात धाकटा. माझी शाळा, नोकरी, या दाराचं लाकूडसुद्धा दादानंच ठरवलेलं.

फोन पुन्हा वाजला.

"फोटो नाही पाठवत, दादा," मी म्हणालो. "दार माझं आहे. बसवल्यावर येऊन बघ."

चाचांनी फुंकर मारली आणि ते उजवीकडं वळले.