सरंगा

“इथं बसून ते जेवत काय असतील हो?”

कुठल्याही पडक्या भिंतीपुढे उभे राहिले की फादरांचा पहिला प्रश्न हा असे. भिंत कुणी बांधली, कधी बांधली, ते नंतर. प्रश्न विचारून ते डोळे मिटत आणि नाक किंचित वर करत. भिंतीपलीकडे कुणीतरी कांदा परततंय असं वाटावं.

तुम्ही रेवदंड्याला आला असाल तर पाहिलंच असेल. जुन्या किल्ल्याच्या तटाच्या आत आम्हा लोकांच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत. पोर्तुगीज गेले, त्यांच्या कमानी राहिल्या. त्या कमानींना दोरी बांधून आम्ही कपडे वाळत घालतो. फादरांच्या संघातल्या संन्याशांचा मठ इथेच कुठेतरी होता. त्याचा इतिहास लिहायचं काम वरिष्ठांनी सोपवलं आणि हे वसईचे सत्तरी ओलांडलेले गृहस्थ खांद्याला पिशवी लावून आमच्या पडवीत उभे राहिले. माझी बाहेरची खोली रिकामी होती. एका हिवाळ्यापुरते आले, ते दर हिवाळ्यात येतच राहिले.

“बोंबील चालतात ना फादर?” मी पहिल्या दिवशी विचारलं.

“बाई, मी वसईचा. बोंबलांवरच चालतो.”

दुपारी सगळं गाव लवंडलं की ते वाडीत हिंडायला निघत. पोफळींमधून ऊन पट्ट्यापट्ट्यांनी खाली येई आणि त्या पट्ट्यांतून त्यांचा पांढरा झगा कधी दिसे, कधी नाहीसा होई. परत आले की मठातल्या माणसांबद्दल असं बोलत, जणू त्यांच्याकडूनच येत होते. “आज वारा पडलाय. ते पडवीत येऊन बसले असते.”

“वरिष्ठांना मनोरा हवाय, थोरांच्या कबरी हव्यात,” एकदा म्हणाले. “मला चूल सापडली तरी पुरे. मिसरूड न फुटलेला एखादा पोरगा बोटीतून उतरला असेल. पहिल्यांदा नारळ हातात आला असेल, आणि हा उघडायचा कसा ते कळलं नसेल. रात्री घर आठवलं असेल. त्याच्याबद्दल कुणी लिहायचं?”

चूल कशी शोधायची, याचा त्यांचा हिशेब साधा होता. गोडं पाणी जिथे, चूल तिथे. म्हणून ते वाड्यावाड्यांतून विहिरींचं पाणी चाखत फिरले. लोक हसत, तांब्या भरून देत. बहुतेक पाणी मचूळ. आमच्या शेजारच्या अमिनाचाचीच्या विहिरीचं पाणी प्यायले आणि फादर तिच्या कठड्यावर टेकलेच.

“कवा खारं झालं न्हाय हे पानी,” चाची म्हणाली. “पन आता काय. पोरगा कतारवरनं सांगतोय, हीर बुजवायची, पावन्यांसाठी रूमा बांधायच्या.”

त्या वर्षी फादर मे महिन्यातही आले. विहिरीचं पाणी तळाला गेलं होतं. चाचीने घरातला आरसा आणला आणि मी त्यातून उन्हाचा कवडसा आत सोडला. कवडसा हिरव्या दगडांवरून घसरत खाली गेला आणि फादरांनी माझा हात धरला. एका चिऱ्यावर कुणीतरी मासा कोरला होता. चपटा, गोल डोळ्याचा. सरळ सरळ सरंगा, पापलेटच.

कवडसा पाण्यावर हलत होता आणि मासा पोहल्यासारखा वाटत होता.

“हा पुरावा नाही,” फादर शेवटी म्हणाले. “पण कुणीतरी इथं भुकेलं होतं.”

“पायजे तर दगड काढून न्या,” चाची म्हणाली. “तसंबी बुजनारच हाय.”

वरिष्ठांनी तो दगड आनंदाने ठेवून घेतला असता. फादर दुपारभर कठड्यावर बसून राहिले. ऊन कललं तेव्हा म्हणाले, “दगड काढला तर विहीर ढासळेल, चाची. असेल तोवर असू दे. पाणी चांगलं आहे.”

संध्याकाळी चाची मुलाशी फोनवर बोलत होती, कुंपणापलीकडून ऐकू आलं. “रूमा रस्त्याकडं बांध. हीर ऱ्हाऊ दे. पावन्यांना पानी काय समिंदराचं पाजशील?”

विहीर राहिली. पुढे फादरांचं पुस्तकही निघालं, त्यात मनोरा आला, कबरी आल्या. स्वयंपाकघराचं प्रकरण गाळलेलं होतं. “जागा पुरली नाही म्हणाले,” असं सांगून ते हसले. त्या दिवशी चहा मात्र तसाच निवला.

नंतरच्या हिवाळ्यात ते आले नाहीत. वृद्ध धर्मगुरूंच्या निवासात ठेवलंय असं कळलं, म्हणून मी आणि चाची भेटायला गेलो. वरच्या मजल्यावरची खोली, खिडकीबाहेर नुसत्या इमारती. फादर खाटेवरून पाय खाली सोडून बसले होते. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, पण आम्ही कोण ते त्यांना उमगलं नाही. मी नाव सांगितलं, गाव सांगितलं. ते भल्या माणसासारखे मान हलवत राहिले.

मग हळूच विचारलं, “भरती लागली का?”

“लागली, फादर,” चाची म्हणाली.

त्यांनी झगा आवरला, पाय वर घेतले आणि होडीत सरकून देतात तशी आम्हा दोघींना खाटेवर जागा करून दिली.